मर्ल आंटीचं टेबल

आमच्या मर्ल आंटीची कुठल्या कागदावर सही घ्यायची म्हणजे दगडातून पाणी काढायचं. अख्ख्या पोर्ट हॅलकेटला हे माहीत आहे. म्हणूनच नगरसमितीतून कुणी स्वतः गेलं नाही, कागद माझ्या हातात कोंबला. "तू तिचा भाचा ना," म्हणे. अहो, या गावात निम्मी माणसं तिचे भाचे नि भाच्या आहेत. पण सागरपक्षी केंद्राचा पगार खाणारा भाचा मी एकटाच, तेव्हा माझीच मान सापडली.

मी तिपेने. टिप म्हणतात. बावीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर काढली, पाठ कामातून गेली, तेव्हापासून केंद्राची मिनीबस चालवतो. सकाळी पेंग्विनचा किनारा, दुपारी समुद्रसिंह लोळतात तो किनारा, संध्याकाळी टेकडीवरून तीती पक्ष्यांचे थवे. मध्ये जुनी दगडी जकात कचेरी, चर्च, आणि चौकातल्या त्या दोन अगडबंब लोखंडी कढया. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्यात देवमाशांची चरबी उकळायचे. हल्ली त्यांच्यात फुलझाडं लावली आहेत आणि पाहुणे पुढे उभे राहून फोटो काढतात.

टेकडीवर कुणीतरी हमखास विचारतं, "हे पक्षी इथले लोक खातात म्हणे?" त्यावर काय म्हणायचं ते केंद्राने मला शिकवून ठेवलंय. "पूर्वी खात असत," असं म्हणायचं. मी म्हणतो. आणि बस लावून झाली की आंटीकडे जाऊन दोन तीती नि चार बटाटे हाणतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला मला चांगलीच जमली होती, खोटं कशाला बोलू!

कागद होता टेबलाचा. दर मे महिन्यात आंटी तीतींची पिल्लं धरून बेटावरून परत आली की फाटकाबाहेर फुटपाथवर टेबल मांडते. खारवलेल्या तीतींच्या बादल्या आणि शनिवारी शिजवलेले पक्षी. तिच्या आधी तिची आई तिथे बसायची, त्याआधी आजी, आमच्या बोलीत ताउआ. परवानगी दरवर्षी येते, कुणी वाचतसुद्धा नाही. यंदा मात्र घोडं अडलं. शेजारची जकात कचेरी केंद्राने घेतली, आणि तीती उत्तरेकडे उडून जातात त्या आठवड्यात केंद्राने 'निरोपाचा आठवडा' भरवला. चार गावांहून बसगाड्या येणार होत्या.

मी आंटीच्या स्वयंपाकघराचं दार ढकललं तर वाफेत काही दिसेना. तीती उकळताना पाणी तीनदा बदलावं लागतं, नाहीतर मिठाने जीभ सोलून निघते. आंटी दुसरं पाणी ओतून देत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, उजवा गुडघा निकामी, पण पातेलं कुणाला उचलू देणार नाही.

"पाय पूस," ती म्हणाली. "आणि पाठीमागे काय लपवलंयस?"

"लपवलं नाही गं. टेबलाची परवानगी आलीय."

"मग तोंड असं का? कुणी गेलं का?"

"तूच वाच ना."

"चष्मा वर राहिलाय. तू वाच. मोठ्याने वाच, पातेल्यालाही कळू दे."

मी वाचायला लागलो. "निरोपाच्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या भावना लक्षात घेता..."

"कुणाच्या?"

"पाहुण्यांच्या."

"बरं. पुढे."

"...सदर टेबल नगरसमितीच्या सभागृहाच्या मागील बाजूस लावण्यात यावे."

"कचऱ्याच्या डब्यांपाशी."

"तसं लिहिलेलं नाही, आंटी."

"मागे दुसरं आहे काय रे?"

मागे खरंच डबेच आहेत. आंटीने झाकण आपटलं.

"चौकातल्या कढया बघतोस ना रोज? उकळून उकळून देवमासे संपवले त्यांच्यात. त्यांना फुलं वाहिलीत! आणि माझ्या पातेल्याला वास येतो होय?"

"वासाचं कुणी बोललं नाही."

"त्या केंद्रात जाऊन आले मी गेल्या आठवड्यात. दारावरच्या पोरीने मला तिकीट मागितलं. मला! आत मोठ्ठी पाटी. 'पूर्वी इथले लोक हे पक्षी खात असत.' ए टिप, इकडे ये. हात लाव मला. लाव म्हणते ना! मी पूर्वी आहे का?"

तिचा दंड भट्टीसारखा गरम होता. मी हात मागे घेतला आणि समजुतीचा सूर लावला. "सात दिवसांचा तर प्रश्न आहे. सात दिवस मागे बस, आठव्या दिवशी पुढे ये."

"मागच्या दाराने बाहेर काढलेलं माणूस पुढच्या दाराने परत आलेलं बघितलंयस कधी? यंदा आठवडा, पुढल्या वर्षी महिना, त्यापुढे म्हणतील, आता मागे तरी कशाला! आणि आपली पोरं? डब्यांआड लपून विकायची वस्तू शिकायला कोण येणार बेटावर? तुझी टिया आली का यंदा?"

इथे तिने बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. माझी टिया ड्युनेडिनला शिकते. यंदा मी फोन केला तेव्हा म्हणाली, बाबा, वसतिगृहात मुली नाकं मुरडतात, मला नाही यायचं. मी म्हटलं, बरं. त्या 'बरं'बद्दल आंटीने मला अजून माफ केलेलं नाही. आमच्यात बेटावर जायचा हक्क रक्ताने येतो, पण हात काही रक्ताने येत नाही. बिळात खांद्यापर्यंत हात घालून पिल्लू कसं काढायचं, मान कशी झटक्यात मोडायची, पिसं, उरलेली लव काढायचं मेण, मीठ, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. आंटीला काळजी होती ती एवढीच. तिच्यामागे त्या टेबलाशी बसायला कुणी उरणार की नाही?

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तीन महिन्यांची होती तेव्हा लोण्याच्या रिकाम्या खोक्यात घालून तिला पहिल्यांदा बेटावर नेलं. शाळेत डब्यात तीती न्यायची. एकदा मास्तरणीने वासापायी वर्गाबाहेर बसवलं, तर हिने बाहेर बसून डबा चाटूनपुसून संपवला, वर दारातून विचारलं, "बाई, उद्या तुमच्यासाठी आणू का?" त्या एका प्रश्नापायी छड्या खाल्ल्या. मोठेपणी एकतीस वर्षं मासे कापायच्या शेडमध्ये काम केलं. तिथला मुकादम दर एप्रिलला म्हणायचा, दोन महिने सुट्टी नाही. आणि ती दर एप्रिलला म्हणायची, मग नोकरी ठेव तुझ्याकडे. जूनमध्ये तो तिला परत घ्यायचा, कारण तिच्याइतकी भरभर सुरी कुणाची चालत नव्हती. क्लेम अंकलशी लग्न केलं. तो बाहेरचा, आयरिश रक्ताचा. पहिल्या वर्षी पातेलं चढलं की तो नाक दाबून अंगणात जाऊन उभा राहायचा. दुसऱ्या वर्षी दारात. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "मर्ल, तो पाय कुणी खाणार नसेल तर..." अंकल जाऊन नऊ वर्षं झाली. अजून ती शनिवारी एक पाय बाजूला काढून ठेवते, आणि मग स्वतःच खाते, म्हणते, "आला नाही मेला."

तर अशी ही बाई. तिने कागद घेतला, ओट्यावर ठेवला आणि चुलीवरचं पातेलं उतरवून त्यावर टेकवलं. सही नाहीच.

मंगळवारी सकाळी वेगळंच घडलं. तीतींची पिल्लं बेटं सोडून निघतात तेव्हा एखाददुसरं गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर पडतं. सपाटीवरून त्यांना उडता येत नाही. ऑकलंडहून आलेल्या एका माणसाला आणि त्याच्या आठेक वर्षांच्या मुलीला असंच एक पाहुण्यांच्या तंबूंकडे जाणाऱ्या रस्त्यावर सापडलं. त्यांनी ते खोक्यात घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, पक्ष्यांतलं इथे कुणाला कळतं? दुकानातल्या शोनाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मर्ल आंटीला. तिच्याइतकं कुणालाच नाही."

आता यात शोनाचं काय चुकलं? आमच्याकडे कुणीही हेच सांगितलं असतं. पण मी पोचलो तर दृश्य असं, की ओसरीत आंटी मांडीवर जिवंत तीती घेऊन बसलीय, समोर ती मुलगी गुडघ्यांवर बसलीय, आणि पाठीमागच्या खोलीत भिंतीला लागून बादल्याच बादल्या.

मुलीचं नाव मार्गो. डोळे बशीएवढे करून बघत होती. "त्याला लागलंय का?"

"बघते." आंटीने पंख उघडून बघितले, मग अंगठा छातीच्या हाडावरून हळूच फिरवला. तो अंगठा मी ओळखतो. बेटावर त्याच अंगठ्याने ती ठरवते, कुठला पक्षी कुठल्या बादलीत. "चांगला भरलाय," ती म्हणाली.

"म्हणजे बरा होईल?"

"म्हणजे आईबापांनी नीट खाऊ घातलंय. दिव्याने डोकं फिरलंय एवढंच. संध्याकाळी कड्यावर नेऊ. आत्ता सोडला तर गल पक्षी त्याला फाडतील."

मुलगी आत गेली, खोक्यात घालायला कापड आणायला, तेव्हा मी खालच्या आवाजात म्हटलं, "आंटी, तू हे करतेयस?"

"का? मी काय राक्षसीण आहे?"

"तसं नाही गं..."

"बेटावरचा असता तर माझा. रस्त्यावरचा तो त्याचा स्वतःचा. हे तुला सत्तेचाळिसाव्या वर्षी सांगायचं?"

संध्याकाळी पाचला आम्ही कड्यावर गेलो. केंद्राची व्यवस्थापक जॉस्लिन कॅमेरा घेऊन आली होती, शोनाने तिच्या कानावर घातलं होतं. जॉस्लिन वाईट बाई नाही, हे मी आधीच सांगतो. उत्तरेकडची, मेहनती, सगळ्यांना हसून बोलणारी. तिला फक्त सगळं छान दिसायला हवं असतं. आंटीने खोकं आडवं केलं नि आम्हाला मागे हटवलं. पिल्लू फेंगडं चालत टोकाला गेलं, वाऱ्याकडे तोंड करून जरा थांबलं आणि सरळ खाली पडलं. मार्गो किंचाळली. मग खालून ते वर आलं, पंख ताठ, आणि लाटांवरून असं निघून गेलं की जणू जन्मभर हेच करत आलंय. मुलीने आंटीच्या कमरेला मिठी मारली. जॉस्लिनने तो फोटो घेतला.

बुधवारी जॉस्लिन आंटीच्या ओसरीत. मीही होतो.

"आंटी मर्ल, मी समितीशी बोललेय. हा फोटो आम्हाला निरोपाच्या आठवड्याच्या मोठ्या फलकावर लावायचाय. 'तीतींची आई'. आणि तुमचं टेबल जिथे आहे तिथेच राहील. या वर्षी, पुढच्या वर्षी, कायमचं. तसं लिहून देतील."

"आणि?"

"आणि काही नाही. फक्त टेबलावर पाटी नको. कुणी विचारलं तर म्हणायचं, इथला पारंपरिक पदार्थ आहे. खोटं नाही ना त्यात?"

जॉस्लिन गेल्यावर मी तिच्या पाठीच लागलो. "आंटी, अगं जिंकलीस तू! टेबल राहिलं, पुढच्या फुटपाथवर राहिलं. तुला काय करायचंय? गप्प बसायचंय फक्त. मी नाही का बसत?"

"तू तर त्याचा पगारच घेतोस," ती म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. गुडघा चोळत बसून राहिली. मग म्हणाली, "टेबल कायमचं राहील म्हणाली ना ती?"

"कायमचं."

"मी गेल्यावरही?"

"लिहून देतायत."

"लाव म्हणावं फलक."

मला इतकं हलकं वाटलं! त्या रात्री मी टियाला फोन करून सांगितलं, तुझ्या आंटीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं. पलीकडून ती म्हणाली, "बरी आहे ना ती?"

शनिवारी फुटपाथ माणसांनी फुलला होता. जकात कचेरीच्या भिंतीवर दोन मजली फलक. त्यावर आंटी, तिच्या कमरेला मिठी मारलेली मार्गो, आणि कोपऱ्यात उडालेल्या पिल्लाचा ठिपका. त्याखाली आंटीचं टेबल. टेबलावर पातेलं, पातेल्यात सोळा शिजवलेले तीती, बाजूला बटाटे. आंटीने निळा कोट घातला होता, आणि तोंड असं केलं होतं की जणू दंतवैद्याकडे आलीय. लोक येत होते, फलकाकडे बघून तिच्याकडे बघत होते. "तुम्हीच ना त्या? किती गोड!" आंटी मान हलवायची. गोड! मर्ल आंटीला कुणी गोड म्हटलेलं मी माझ्या हयातीत ऐकलं नव्हतं.

"हे काय आहे?" एका बाईने पातेल्याकडे बोट करून विचारलं.

"इथला पदार्थ आहे," आंटी म्हणाली. बाईने अर्धा घेतला, खाल्ला, मान डोलावली. कोंबडी वाटलं असावं तिला.

अकराच्या सुमारास मार्गो धावत आली, मागून तिचा बाप. ती सरळ टेबलाला वळसा घालून आंटीच्या कुशीत शिरली. "तो पोचला असेल का गं आत्तापर्यंत?"

"अजून नाही. खूप लांब आहे. पण निघालाय."

"हे काय शिजवलंयस?" मुलीने टाचा उंचावून पातेल्यात डोकावलं. आतले पक्षी अख्खेच असतात, पाय नि मान असलेले. ती बघत राहिली. जॉस्लिन चार पावलांवर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी आंटीकडे. म्हण ना गं, मी मनात म्हणत होतो, इथला पदार्थ म्हण, दोनच तर शब्द आहेत.

"हा तो पक्षी आहे का?" मार्गोने विचारलं.

आंटीने मुलीचे दोन्ही खांदे धरले. "हो. तीतीच आहे."

"आपला?"

"आपला नाही, तो गेला. हा त्याच्या जातीचा, माझ्या बेटावरचा. मी स्वतः धरलाय आणि स्वतः मारलाय."

आजूबाजूला बोलणं थांबलं. मघाच्या त्या बाईने तोंडावर हात धरला. मार्गोचा बाप पुढे झाला, "चल, बाळा," म्हणाला, पण मुलगी हलेना.

"त्याला दुखलं?"

"थोडं. मी पटकन करते. माझ्या आईने शिकवलंय."

"मग आपल्या पक्ष्याला का सोडलंस?"

"तो माझा नव्हता."

मार्गो रडली नाही. ती म्हणाली, "तू मला त्या दिवशीच सांगायला हवं होतंस."

आणि आमची आंटी, जिने मुकादमाला, मास्तरणीला, नवऱ्याला, कुणालाही आयुष्यात कधी चुकले म्हटलं नव्हतं, ती या एवढ्याशा पोरीला म्हणाली, "हो गं. चुकलंच माझं. चार दिवस मी तुझ्यापासून लपवलं. मला त्याची लाज वाटते, पक्षी मारल्याची नाही वाटत."

बापाने मुलीला ओढून नेलं. जाताना ती मागे वळून बघत होती, रागाने की कशाने, मला कळलं नाही. मग आंटी टेबलाला धरून उठली आणि सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. बोटीवरून बोटीवर हाक मारायचा आवाज तो.

"ऐका! हे तीती आहेत. तुम्ही संध्याकाळी टेकडीवर बघायला जाता तेच. आम्ही हे खातो. पूर्वी नाही, काल रात्री खाल्ले, आज खाणार, पुढच्या मेमध्ये खाणार. ज्याला हवे त्याने घ्या. ज्याला नको त्याने नाक धरून पुढे जा, रस्ता रुंद आहे. आणि हा फोटो काढा खाली, मी कुणाची आई नाही!"

असा गलका उडाला की विचारू नका. कुणी शी म्हणालं, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मोबाइल उंच धरला. एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, पण तुम्ही तर टेकडीवर म्हणालात, पूर्वी..." मी म्हटलं, "मला पगार मिळतो त्याचा," आणि माझे कान तापले.

जॉस्लिनच्या डोळ्यांत पाणी होतं. "आंटी, मी तुमच्यासाठी केवढं भांडले समितीत!"

"भांडलीस, मला माहीत आहे. मीच हो म्हटलं होतं. तुझा दोष नाही. पण आता नाही म्हणते."

अर्ध्या तासात नगरसमितीचा नेव्हिल छोटा ट्रक घेऊन हजर. हा नेव्हिल लहानपणी आंटीच्या पायरीवर बसून तीतीची हाडं चोखायचा. आता गळ्यात ओळखपत्र, हातात कागद, आणि नजर बुटांवर.

"आंटी, अट मोडली म्हणतायत. सही पण नव्हती. टेबल न्यावं लागेल मला."

"ने की."

नेव्हिल चपापला. त्याने मला वाटतं शिव्यांची तयारी करून ठेवली होती. "न्यायचं?"

"फुटपाथ समितीचा आहे, टेबलाला परवानगी लागते. ने. पाय डगमगतोय त्याचा, जपून धर. खुर्ची पण ने, तिलाही लागत असेल परवानगी."

तिने पातेलं उचललं. दोन्ही कड्या धरून, पोटाशी टेकवून. नेव्हिलने टेबल घडी करून ट्रकमध्ये टाकलं, खुर्ची टाकली. जिथे टेबल होतं तिथे आंटी उभी राहिली.

"हे काय करताय, आंटी?" नेव्हिलने विचारलं.

"उभी आहे. उभं राहायला कुठला फॉर्म असतो रे तुमच्यात? असला तर आण, मी थांबते."

"पण पातेलं..."

"पातेलं माझ्या हातात आहे. हात माझे आहेत. टेबल दिसतंय का तुला कुठे?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नेव्हिल ओळखपत्राशी चाळा करत उभा राहिला, मग ट्रकमध्ये जाऊन बसला, पण गाडी काही चालू करेना. एक म्हातारा पाहुणा पुढे आला, पातेल्यातून एक पक्षी घेतला, पैसे आंटीच्या कोटाच्या खिशात टाकले. मग आमच्याच गावातली दोघं तिघं आली, एरवी जी लांबून मान हलवून जातात ती. काही पाहुणे रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. आंटी दोघांकडे सारख्याच नजरेने बघत होती.

दीड वाजायला आला. माझी दोनची बस होती, समुद्रसिंहांच्या किनाऱ्यावर न्यायची, चौदा माणसं रांगेत उभी होती. मी आंटीकडे बघितलं. तिचा उजवा पाय कोटाखाली लटलट कापत होता. भरलेलं पातेलं दहा किलोंच्या खाली नव्हतं आणि तोवर फक्त पाचसहा पक्षी गेले होते. ओठ पांढरे पडले होते, पण हनुवटी वर.

जॉस्लिन तिच्याजवळ गेली. या वेळी हसत नव्हती. "तुम्ही पडाल. किती वेळ उभ्या राहणार आहात अशा?"

"संपेपर्यंत."

"अजून दहा तरी दिसतायत आत."

"इथे दहा," आंटी म्हणाली. "घरात अडतीस बादल्या आहेत."

मी बसची किल्ली खिशातून काढून जॉस्लिनच्या हातात ठेवली, आंटीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि पातेल्याची एक कडी धरली.

"उशीर केलास," आंटी म्हणाली, आणि कडी सोडली.